भिजत घोंगड्यांची वही: ऑफिसातली चालढकल कशी ओळखायची, कशी मोडायची

माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला चार तारखांभोवती लाल गोल असतो. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न), १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला थ्री-बी (कर भरायचं जीएसटी रिटर्न). एका मध्यम कारखान्याच्या अकाउंट्समध्ये मला सोळा वर्षं झाली आणि या तारखा मी सहसा चुकवत नाही. थ्री-बीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, वर साहेबांच्या केबिनमध्ये हजेरी. तेव्हा मला कुणी आळशी म्हटलं तर मी भांडेन.

तरीही गेल्या वर्षी एक फोन करायला मला पाच महिने लागले.

मार्चचं एक बिल होतं. ४ लाखांचा माल, त्यावर ७२ हजार जीएसटी. आमच्या पुस्तकात बिल होतं, पण पुरवठादाराने ते पोर्टलवर चढवलंच नव्हतं. त्यामुळे आमच्या टू-बीत (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांची पोर्टलवर तयार होणारी यादी) ते दिसेना आणि ७२ हजारांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येईना. जूनमध्ये फरक सापडला. मी यादीत लिहिलं, ‘टू-बी फरक बघणे’. जुलैच्या यादीत तेच. ऑगस्टच्याही. सरलेल्या आर्थिक वर्षाचं क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं, म्हणजे वेळ भरपूर आहे असं मी स्वतःला समजावत होते. कागदावर मांडलं असतं तर दिसलं असतं की माझी खरी तारीख ११ नोव्हेंबर आहे. पुरवठादाराने ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये बिल टाकलं, तरच ते १४ तारखेच्या टू-बीत उतरणार आणि तरच मला ते ऑक्टोबरच्या थ्री-बीत घेता येणार.

फोन केला ५ नोव्हेंबरला. सहा मिनिटांत संपला. ‘‘अहो मॅडम, मार्चच्या गडबडीत राहून गेलं ते. आजच टाकतो. आधी सांगायचं ना!’’

पाच महिने मी काय टाळत होते? त्याच पुरवठादाराच्या आणखी दोन बिलांचे पैसे आमच्याकडे अडकले होते. फोन उचलल्याबरोबर तो ‘‘आमच्या पेमेंटचं काय?’’ विचारणार आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोनला वेळ होता. त्या प्रश्नापुढे उभं राहायची तयारी नव्हती. हा लेख त्या पाच महिन्यांतून आला आहे.

चालढकल कशाला म्हणायचं

कॅलगरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरचं तोवरचं संशोधन एकत्र करून तपासलं. त्यांची व्याख्या आपल्या भाषेत सांगायची तर अशी: काम करायचं ठरलेलं आहे, लांबवलं तर नुकसान आपलंच आहे हे कळतंय, आणि तरीही आपण ते आपणहून लांबवतो. तिन्ही गोष्टी असल्या तरच चालढकल. बँकेचं स्टेटमेंट आलं नाही म्हणून बीआरएस (बँक खात्याची जुळवणी) थांबलं, तर ती चालढकल नव्हे. ऑडिटर समोर बसलेत म्हणून पगारपत्रक संध्याकाळवर ढकललं, तो क्रम लावणं झाला. हे वेगळं काढलं नाही तर माणूस उगाच स्वतःला कोसत बसतो.

काम मुळातच नकोसं वाटणं, त्याचं फळ किंवा फटका लांब असणं, ते आपल्याला जमेल याचा भरवसा नसणं आणि मन पटकन दुसरीकडे धावणं, ही चालढकलीची मोठी कारणं त्यांना दिसली. ‘‘मला सगळं परफेक्ट लागतं ना, म्हणून उशीर होतो,’’ ही सबब मात्र त्यांच्या पाहणीत फारशी टिकली नाही. मला त्याचा गुपचूप आनंद झाला, कारण आमच्या ऑफिसात ती सबब सांगणारे बरेच आहेत.

पुढे २०१३ मध्ये फ्युशिया सिरॉइस आणि कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातले टिमथी पिचिल यांनी सरळ मांडलं की चालढकल म्हणजे आत्ताचा मूड सांभाळणं. नकोसं काम समोर आलं की छातीत बारीकशी कळ येते. काम बाजूला सारलं की ती जाते. तेवढी सुटका म्हणजेच बक्षीस, आणि बक्षीस मिळालं की मन पुढच्या वेळी तीच वाट धरतं. म्हणून नवी डायरी, नवं अ‍ॅप, पहाटे पाचचा गजर यांनी फार फरक पडत नाही. ही सगळी वेळेच्या नियोजनाची औषधं आहेत आणि दुखणं वेळेचं नाही.

पायरी पहिली: आठवडाभर नुसतं लिहायचं

दहा रुपयांची वही घ्या. माझ्या वहीवर मी ‘भिजत घोंगडी’ असं लिहिलंय. एखादं काम टाळलं की चार गोष्टी लिहायच्या: कुठलं काम, किती वाजता टाळलं, त्याऐवजी काय केलं आणि त्या क्षणी मनात काय आलं. या आठवड्यात सुधारायचा प्रयत्न करायचा नाही.

माझ्या पहिल्या पानावरची एक नोंद: ‘मंगळवार, ११.१०. वसुलीचं पत्र. त्याऐवजी जुन्या व्हाउचर फायलींना नवी लेबलं लावली. मनात: पत्र कडक झालं तर साहेब चिडतील, मऊ झालं तर उपयोग नाही.’

तिसरा रकाना सगळ्यात बोलका असतो. ऑफिसात चालढकल करणारा माणूस रिकामा बसलेला सापडत नाही. तो एक्सेलच्या रकान्यांना रंग देत असतो, मेल फोल्डरमध्ये लावत असतो, कुणाच्या तरी प्रिंटरचा कागद अडकलाय तो काढत असतो. सगळी कामं रास्त, त्यामुळे कुणी हटकत नाही, आपण स्वतःसुद्धा नाही. मी पाच महिन्यांत त्या फायलींना दोनदा लेबलं लावली.

पायरी दुसरी: नेमकं काय टोचतंय ते शोधायचं

आठवड्यानंतर वही घेऊन बसा आणि चौथा रकाना वाचा. बहुतेक घोंगडी खालच्यापैकी एका कारणाने भिजत पडलेली असतात. कारणागणिक उपाय वेगळा आहे, म्हणून ही पायरी गाळू नका.

कामच कळलेलं नसतं. ‘रिपोर्ट बनवणे’ असं यादीत असतं, पण कुणासाठी, किती पानांचा, कुठले आकडे, हे ठाऊक नसतं. दरवेळी त्या ओळीवर नजर गेली की मन ‘‘नंतर बघू’’ म्हणतं, कारण आत्ता बघण्यासारखं काही नसतंच. इथे उपाय एकच, जाऊन विचारायचं. विचारायला लाज वाटते, तर ते कारण पुढच्या परिच्छेदात बसतं.

समोरच्या माणसाची धास्ती असते. थकबाकी मागायची, चूक कबूल करायची, नाही म्हणायचं, वरिष्ठाला वाईट बातमी द्यायची. माझ्या वहीतली निम्मी पानं या कारणाची आहेत, आणि ज्यांना ज्यांना मी ही वही सुचवली त्यांचीही. कामाचा तांत्रिक भाग दहा मिनिटांचा असतो. नव्वद टक्के वजन त्या माणसाचं असतं. अशा कामाची तयारी म्हणजे संभाषणाची तयारी. आपल्याला कुठल्या प्रश्नाची भीती आहे, तो प्रश्न लिहायचा आणि खाली त्याचं उत्तर लिहायचं. उत्तर पूर्ण असायची गरज नाही. ‘‘आत्ता सांगता येत नाही, गुरुवारी साहेबांशी बोलून शुक्रवारी कळवते,’’ हेही उत्तरच आहे. मी जूनमध्ये एवढं एक वाक्य लिहून ठेवलं असतं तर पुढचे महिने वाचले असते.

मनातून पटलेलं नसतं. हे कारण लोक सहज कबूल करत नाहीत. ‘हे काम माझं नाहीच, दुसऱ्या खात्याने माझ्या गळ्यात मारलंय’ असा राग असतो आणि तो उघड बोलता येत नाही म्हणून हातातून निघतो: काम पडून राहतं. इथे स्वतःला कितीही ढोसलं तरी उपयोग नाही. एकतर वरिष्ठांकडे जाऊन विषय काढायचा, नाहीतर यावेळी करतो असं ठरवून राग वेगळा ठेवायचा. मुकाट्याने कुढत राहिलं की काम होत नाही आणि नाव आपलंच खराब होतं.

उरला कंटाळा. त्यावर फार डोकं लावू नये. कंटाळवाणं काम सकाळी, छोट्या तुकड्यांत, शक्य असलं तर कुणाच्या तरी शेजारी बसून उरकावं. आमच्याकडे दोघीजणी व्हाउचर पंचिंग एकाच वेळी करतात. गप्पा होतात, काम दुप्पट वेगाने होत नाही, पण होतं.

पायरी तिसरी: यादीतली ओळ पुन्हा लिहायची

‘टू-बी फरक बघणे’ ही ओळ मी पाच महिने जशीच्या तशी उतरवली. तिच्यात माणूस नाही, फोन नाही, बिल नंबर नाही. ‘बघणे’, ‘पाहणे’, ‘फॉलोअप’, ‘चर्चा’, ‘आढावा’ हे शब्द यादीत दिसले की सावध व्हायचं. त्यांच्या आड नेमकं करायचं काय ते लपतं. तीच ओळ अशी हवी होती: ‘पुरवठादाराला फोन. मार्चचं ४ लाखांचं बिल पोर्टलवर का नाही? कुठल्या महिन्याच्या रिटर्नमध्ये टाकणार, ते विचारणे.’

कसोटी सोपी आहे. ती ओळ बाजूच्या टेबलावरच्या माणसाला दिली तर तो तुम्हाला काही न विचारता काम सुरू करू शकेल का? नसेल तर ती अजून लिहून झालेली नाही. काम मोठं असेल तर सगळं लिहायच्या फंदात पडू नका, पहिली हालचाल तेवढी लिहा. वार्षिक बजेट असेल तर ‘गेल्या वर्षीची शीट उघडून विजेच्या बिलाचे बारा आकडे भरणे’. एवढं झालं की पुढचं काम आपसूक दिसू लागतं.

पायरी चौथी: कामाला खुंटी द्यायची

‘उद्या करते’ याला खुंटी नाही. उद्या म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा यांतला कुठलाही क्षण, म्हणजे कुठलाच नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात ‘जर-तर’ पद्धतीचं नियोजन मांडलं आणि तेव्हापासून ते अनेक प्रयोगांत उपयोगी ठरलंय. अमुक घडलं की तमुक करायचं, असं आधी बांधून ठेवायचं. प्रसंग आला की मनाला निर्णय घ्यावा लागत नाही आणि चालढकलीला शिरायला जागा मिळत नाही.

प्रसंग मात्र रोज हमखास घडणारा हवा. आमच्याकडे साडेदहाला चहा येतो, एक मिनिट इकडे नाही की तिकडे. माझी खुंटी तीच: ‘कप टेबलावर ठेवला गेला की नंबर फिरवायचा, घोट त्यानंतर.’ ५ नोव्हेंबरचा फोन असाच झाला. चहा निवला, ते चालतं.

आणि हो, पेमेंटचं त्याने विचारलं का? विचारलं, फोन ठेवता ठेवता, अगदी सहज. मी लिहून ठेवलेलं वाक्य वाचून दाखवलं. तो ‘‘बरं, शुक्रवारी बघू,’’ म्हणाला. शुक्रवारी एका बिलाचे पैसे गेले, दुसऱ्याची तारीख मी कळवली. जी गोष्ट पाच महिने छातीवर धोंड्यासारखी होती ती दोन वाक्यांची निघाली. नेहमी असंच होतं असं नाही, काही फोन खरंच वाईट जातात. पण वाईट फोनसुद्धा एका दिवसात संपतो.

पायरी पाचवी: तारीख तुकड्यांना, आणि दुसऱ्याच्या कानावर

आपला अंदाज कायम गोड असतो. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४ दिवसांचं आलं. सगळं बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही कमी पडला. तेव्हा ‘मागच्या वेळी याच कामाला किती लागले होते?’ हा प्रश्न विचारा. जुन्या मेलच्या तारखा काढून बघितलं तर उत्तर मिळतं, आणि ते सहसा बोचरं असतं.

तारखेबद्दल २००२ चा डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टनब्रोख यांचा एक प्रयोग मला फार पटतो. विद्यार्थ्यांना मजकुरातल्या चुका शोधायचं काम दिलं: तीन मजकूर, तीन आठवडे, सापडलेल्या चुकीगणिक पैसे, उशीर झाला तर पैशांत कपात. काहींना दर आठवड्याला एक मजकूर द्यायचा होता, काहींना सगळे शेवटी, काहींनी तारखा स्वतः ठरवल्या. दर आठवड्याची तारीख असलेल्यांनी सगळ्यात जास्त चुका शोधल्या, सगळे शेवटी देणारे सगळ्यात मागे पडले, आणि स्वतः तारखा ठरवणारे मध्ये राहिले. स्वतःला दिलेली तारीख काहीच नसण्यापेक्षा बरी, पण दुसऱ्याने दिलेल्या तारखेइतकी पक्की नाही.

सरकारी दिरंगाईवर आपण सगळेच बोलतो, पण महाराष्ट्राच्या २००५ च्या ज्या कायद्याला लोक ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात, त्यात एक शहाणपणाची तरतूद आहे: सर्वसाधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. अंमलबजावणीचं सोडा, कल्पना बघा. मुदत नुसती अखेरच्या निर्णयाला नाही, एकेका टेबलालाही आहे. मोठ्या कामाच्या बाबतीत मी हीच नक्कल करते. ‘डिसेंबरअखेर स्टॉक जुळवणी’ असं न लिहिता रॅक एक ते चारची तारीख वेगळी, पाच ते नऊची वेगळी, आणि दोन्ही तारखा स्टोअरवाल्यांना तोंडी सांगून ठेवायच्या. त्यांनी त्या दिवशी ‘‘येताय ना?’’ विचारलं की झालं.

मोबाईलबद्दल इतकंच: तो टेबलाच्या खणात. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप म्यूट. याने चालढकल बरी होत नाही, फक्त तिची पळवाट थोडी लांब पडते. पण तेवढी मदत का सोडा?

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर

आमच्या खात्यातल्या एका मुलीकडे वाहतूक बिलांची फाईल तीन आठवडे पडून होती. मी मनात तिला कामचुकार ठरवून मोकळी झाले होते. शेवटी फाईल घेऊन तिच्या शेजारी बसले.

‘‘ताई, दोन दरपत्रकं आहेत. एप्रिलचं आणि ऑगस्टचं. कुठलं धरायचं ते कळेना.’’

‘‘मग विचारायचं ना, अगं.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘‘मागच्या वेळी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढंही कळत नाही का.’’

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. तिने तीन आठवडे फाईल टाळली नव्हती, मला टाळलं होतं. त्या दिवसापासून काम देताना मी ‘‘यात तू कुठे अडकशील असं वाटतं?’’ असं आधीच विचारते. ‘‘काही शंका?’’ या प्रश्नाला नेहमी ‘‘नाही’’ असंच उत्तर येतं, म्हणून तो मी सोडला.

चालढकल नसतेच तेव्हा

वहीत रोज पंधरा-पंधरा नोंदी होत असतील आणि चौथ्या रकान्यात ‘वेळच मिळाला नाही’ हेच येत असेल, तर काम जास्त आहे. दोन माणसांचं काम एकावर आलं की वरच्या पायऱ्या कामाच्या नाहीत. ती वही घेऊन वरिष्ठांकडे जा, ‘‘यातलं कुठलं थांबवू?’’ असं विचारा. नोंदी समोर असल्या की बोलणं रडगाणं वाटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कित्येक आठवडे झोप नीट नाही, आवडीची कामंही नकोशी, अंघोळ-जेवणसुद्धा लांबतंय, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. लहानपणापासून एका जागी लक्ष टिकतच नसेल तर एडीएचडी मोठेपणीही असू शकतो. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

पायरी सहावी: पुन्हा टाळलं की

टाळणार तर आहातच. त्यानंतरच्या अर्ध्या तासात काय करता, ते बघा. आपल्याकडची रीत म्हणजे स्वतःला चार शिव्या घालायच्या. २०१० मध्ये मायकल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी कार्लटनमधल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. मला आधी हे उलटं वाटलं. मग लक्षात आलं, शिव्या घातल्या की त्या कामाशी आणखी एक नकोशी भावना चिकटते आणि ते आणखी जड होतं.

कामाचं सांगायचं तर वहीतली ती नोंद खोडायची नाही. तिच्या खाली नवी ओळ लिहायची: पुढची खुंटी कुठली आणि पहिली हालचाल आणखी लहान करून कुठली. वसुलीच्या पत्राचं माझं तिसऱ्यांदा असं झालं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘चहा आला की फक्त पत्ता आणि विषय टाइप करणे.’ विषयाच्या ओळीत मी ‘थकीत रक्कम रु. २,१४,०००’ लिहिलं आणि पत्र कडक करायचं की मऊ हा प्रश्नच उरला नाही. आकडा पुरेसा कडक होता, खालचं सगळं मऊ लिहिलं.